खंजिरी, तीन कॉर्ड आणि आष्टीचे तरुण : बंडाचा इतिहास कोणाच्या मापाने मोजायचा?

१/
पंक संगीताची गोष्ट सांगताना सहसा तीन ठिकाणे येतात : न्यूयॉर्कमधील एक मळकट क्लब, लंडनमधील कपड्यांचे एक दुकान आणि मँचेस्टरमधील एक छोटे सभागृह. वर्धा जिल्ह्यातील आष्टी त्या नकाशावर नाही, आणि असण्याचे कारणही नाही. परंतु 'संगीताने तरुणांना स्वतःची ओळख कशी दिली' असा प्रश्न मराठी मुलखात विचारला, तर आष्टीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. हा धागा या दोन इतिहासांना शेजारी ठेवतो आणि त्यातून एक मत मांडतो.

२/
मत आरंभीच सांगणे बरे. तुकडोजी महाराजांना 'भारताचे पहिले पंक' म्हणण्याचा मोह आजच्या पिढीला सहज होईल. तो टाळला पाहिजे. मात्र आष्टीचा १९४२चा उठाव निव्वळ संतमहिमा म्हणून किंवा निव्वळ एका ठरावाचा परिणाम म्हणून सांगणे, ही त्याहून मोठी चूक आहे. पहिल्या चुकीत आपल्या इतिहासाला परक्याचे माप लावले जाते. दुसरीत ज्या तरुणांनी तो इतिहास घडवला, तेच गाळले जातात. आणि तरुण गाळले गेले की पुढच्या तरुणांना वाटू लागते की बंड ही बाहेरून मागवण्याची वस्तू आहे.

३/
आधी पंक. १९७४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 'रॅमोन्स' हा बँड उभा राहिला आणि बावरी रस्त्यावरच्या 'सीबीजीबी' क्लबात वाजवू लागला. त्या काळी रॉक संगीत भव्य झाले होते : प्रचंड मैदाने, लांबच लांब वादनकौशल्य, महागडी यंत्रसामग्री. रॅमोन्सची गाणी दोन-अडीच मिनिटांत संपत. कॉर्ड मोजक्या, ताल वेगवान, अलंकार शून्य. ज्याला वाजवता येत नाही त्यालाही ऐकताना वाटावे की हे आपल्यालाही जमेल. पंकचे सर्वांत मोठे सामर्थ्य या 'जमेल' मध्ये होते.

४/
लंडनमध्ये १९७५ साली 'सेक्स पिस्टल्स' उभे राहिले. त्यांच्यामागे किंग्ज रोडवरचे माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवूड यांचे दुकान होते. फाटके कपडे, सेफ्टी पिना, विस्कटलेले केस हा वेष तेथून घडत गेला. ब्रिटनमध्ये बेरोजगारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती, आणि १९७६मध्ये त्या सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावा लागला. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता म्हणतात, त्याच्या राजधानीत शाळा सोडलेल्या मुलांना काम नव्हते. ते संगीत त्या रिकामपणातून आले.

५/
४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या 'लेसर फ्री ट्रेड हॉल'मध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच होते. परंतु त्या मोजक्यांपैकी अनेकांनी पुढे स्वतःचे बँड काढले. तो कार्यक्रम ज्यांनी ठरवला होता, त्या 'बझकॉक्स'च्या तरुणांनी जानेवारी १९७७मध्ये स्वतःच तबकडी काढली. कोणत्याही मोठ्या कंपनीची वाट पाहिली नाही. मार्क पेरी नावाच्या तरुणाने १९७६मध्ये 'स्निफिन ग्लू' हे ओबडधोबड टंकलिखित नियतकालिक सुरू केले. 'असो' किंवा 'येरू' यांसारखी मराठी लघुनियतकालिके ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही वृत्ती अनोळखी वाटणार नाही. प्रस्थापित दार उघडत नसेल तर भिंतीला स्वतःच खिडकी पाडायची, हा दोन्हींचा स्वभाव.

६/
मग सत्तेची पाळी आली. राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव होता, आणि २७ मे १९७७ रोजी 'गॉड सेव्ह द क्वीन' ही तबकडी बाजारात आली. राष्ट्रगीताचेच नाव घेतलेल्या त्या गाण्याला बीबीसीने प्रक्षेपणबंदी केली. तरीही ते ब्रिटनच्या खपयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ७ जूनला बँडने टेम्स नदीत होडीवर कार्यक्रम केला, तेव्हा पोलिसांनी तो थांबवून काही जणांना अटक केली. तीन कॉर्डांना घाबरणारे राज्य ते गाणे न ऐकणाऱ्यांनाही सांगत होते की या गाण्यात काहीतरी आहे.

७/
आता नदी बदलू. वर्धा नदीच्या एका तीरावर अमरावती जिल्हा, दुसऱ्या तीरावर वर्धा जिल्हा. अमरावतीच्या बाजूस मोझरी, जेथे तुकडोजी महाराजांनी १९३५च्या सुमारास गुरुकुंज आश्रम उभा केला. नदीच्या अलीकडे आष्टी, तेव्हाच्या आर्वी तहसिलीतले गाव. कपाशीचा मुलूख, काळी जमीन, पावसावर उभा असलेला संसार. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे हे या मुलखाला 'तुकडोजी' म्हणून ठाऊक होते. त्यांच्या हातात एकच वाद्य असे : खंजिरी.

८/
खंजिरीकडे इतिहासकाराने वाद्य म्हणून जरा थांबून पाहावे. लाकडाचे एक कडे, एका अंगाला ताणलेले चामडे, कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या. बस. ती एका हातात धरता येते, खांद्यावरच्या पिशवीत मावते, बैलगाडीतही वाजवता येते. तिला मैफल लागत नाही, तंबोऱ्याची जुळणी लागत नाही, गुरूच्या घरी बारा वर्षे राहणे लागत नाही. हार्मोनियम घ्यायला गावाला वर्गणी काढावी लागे. खंजिरीला ती लागत नसे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याही हाती ती येऊ शकत होती.

९/
भजनही तसेच. ध्रुपद एकाने म्हणायचे, साऱ्यांनी उचलायचे. ऐकणारा दुसऱ्या ओळीला गाणारा होतो. भाषा गावची मराठी, अनेकदा साधी हिंदी. विषय देवापाशी सुरू होऊन गावाच्या गटारापर्यंत येई : अस्पृश्यता, दारू, सावकारी, अस्वच्छता, आळस, परकी सत्ता. कीर्तनाची गादी, बुवाची बैठक, मानाचा क्रम हे सारे ज्या समाजात ठरलेले होते, तेथे कोणीही पोरगा उठून खंजिरी घेऊन चार लोकांपुढे गाऊ शकतो, ही गोष्ट लहान नव्हती. गावोगावच्या भजनी मंडळांत तरुणांना प्रथमच एक सार्वजनिक जागा मिळाली, जी घरातील वडीलधाऱ्यांची नव्हती, पाटलाची नव्हती, शाळामास्तराचीही नव्हती.

१०/
येथे पंकशी खरे साम्य दिसते, आणि ते सुरांत नाही. दोन्हींकडे तीन गोष्टी एकत्र आल्या. स्वस्त वाद्य. स्वतःच्या बोलीतला आवाज. आणि सोबत उभा राहणारा जथा. या तीन गोष्टी एकत्र आल्या की 'अमक्याचा मुलगा' असलेला तरुण 'आम्ही' म्हणू लागतो. लंडनमध्ये हा 'आम्ही' सेफ्टी पिनेने ओळखू येई. विदर्भात तो खादीने, टोपीने आणि पहाटेच्या सामुदायिक प्रार्थनेने ओळखू येई. वेष वेगळा, वेषाने स्वतःला जाहीर करण्याची गरज तीच.

११/
१९४२कडे येऊ. 'इंग्रजांनो, चालते व्हा' या मागणीचा ठराव काँग्रेस कार्यसमितीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच केला. ८ ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर त्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सारे नेते तुरुंगात गेले. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम होते, त्या जिल्ह्यात आता सांगायला कोणी थोर उरला नव्हता. आदेश नव्हता, पत्रक नव्हते, वरून येणारा निरोप नव्हता. निर्णय गावातल्या माणसांनाच घ्यायचा होता.

१२/
१६ ऑगस्ट १९४२, रविवार. त्या दिवशी नागपंचमी होती. सणाचा दिवस, शेतकामाला सुट्टी, लोक घरी आणि गावी. आष्टीत जमाव पोलीस ठाण्याकडे निघाला. तिरंगा फडकवायचा होता. गोळीबार झाला. आंदोलक मारले गेले. खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीस अधिकारी आणि शिपाईही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे असेच घडले : सोळा वर्षांचा म्हणून आजही आठवला जाणारा बालाजी रायपूरकर गोळीने पडला आणि संतप्त लोकांनी सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. पुढे लष्कर आले आणि चिमूरने जे भोगले, त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले.

१३/
सरकारने या साऱ्याचा धागा कोठे शोधला? अनेक ठिकाणी, आणि त्यांतले एक ठिकाण खंजिरी हे होते. २८ ऑगस्ट १९४२ रोजी तुकडोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांनी काही महिने काढले. निसर्गातल्या साध्यासुध्या वस्तूही लढ्यात शस्त्र होतील, अशा आशयाचे त्यांचे भजन त्या दिवसांत गाजले होते आणि विदर्भाच्या स्मृतीत ते चिमूर-आष्टीशी कायमचे जोडले गेले आहे. लंडनमध्ये गाण्याला प्रक्षेपण नाकारले गेले. येथे गाणाऱ्याला कोठडी मिळाली. वसाहतीतील राज्य आणि मायदेशातील राज्य यांतला हा फरक तुलनेच्या उत्साहात विसरता कामा नये.

१४/
आता साम्याची हद्द. पहिला मुद्दा : गाण्याने उठाव होत नाही. युद्धकाळातील महागाई, नेत्यांची अटक, वर्षानुवर्षांचा सत्याग्रहाचा सराव, सेवाग्रामची जवळीक, पोलिसांची वागणूक हे सारे नसते तर खंजिरी वाजत राहिली असती आणि १६ ऑगस्ट नुसती नागपंचमी राहिली असती. भजनाने लोकांना राग दिला नाही. तो त्यांच्याकडे होताच. भजनाने त्यांना एकत्र उभे राहण्याची सवय दिली. इतिहासात या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते, आणि ती सर्वांत आधी पोलीस करतात. नंतर भक्त करतात.

१५/
दुसरा मुद्दा : पुढे काय झाले. तुकडोजी महाराज तुरुंगातून सुटले आणि बांधणीकडे वळले. गुरुदेव सेवामंडळाच्या गावोगावच्या शाखा, ग्रामसफाई, व्यायाम, सामुदायिक प्रार्थना, आणि १९५०च्या दशकातली ४१ अध्यायांची 'ग्रामगीता'. पंकने मोडण्याची घोषणा केली आणि मोडता मोडता स्वतंत्र तबकडी-कंपन्या, नियतकालिके, छोट्या सभागृहांचे जाळे उभे केले. ते त्याचे अनपेक्षित फळ होते. मोझरीचा मार्ग पहिल्यापासून घडवण्याचा होता. देव, शिस्त, संयम, व्यसनमुक्ती ही मूल्ये ज्या परंपरेच्या मध्यभागी आहेत, तिला पंक म्हणणे दोघांवरही अन्याय आहे.

१६/
तिसरा मुद्दा सर्वांत अवघड. आष्टी आणि चिमूर येथे माणसे दोन्ही बाजूंनी मेली. मारले गेलेले अनेक अधिकारी व शिपाई हिंदी होते. त्यांनाही घरे होती. विशेष न्यायालयांनी अनेकांना फाशी सुनावली. त्यांतल्या काहींच्या दयायाचनेसाठी अनसूयाबाई काळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी जिवाचे रान केले, आणि १९४५ साली उरलेल्यांची फाशी रद्द होऊन तिचे जन्मठेपेत रूपांतर झाले. अहिंसेच्या राजधानीपासून काही कोसांवर हे घडले. जो इतिहास हे सांगत नाही, तो आष्टीच्या तरुणांना हुतात्मा करतो, पण माणूस राहू देत नाही. त्यांच्या निर्णयाचे वजनच त्यात हरवते.

१७/
तरीही त्यांना 'तरुण' म्हणून पाहण्याचा आग्रह कशासाठी? कारण स्मृतीचे आपले एक राजकारण असते. पंकचे बंड बाजाराने गिळले. सेक्स पिस्टल्सला 'ईएमआय'ने ऑक्टोबर १९७६मध्ये करारबद्ध केले आणि जानेवारी १९७७मध्ये सोडले. 'ए अँड एम'ने मार्चमध्ये घेतले आणि आठवडाभरात सोडले. शेवटी 'व्हर्जिन'ने घेतले. काही वर्षांत सेफ्टी पिनेचा वेष मोठ्या दुकानांच्या काचेमागे दिसू लागला. आष्टीचे बंड बाजाराने गिळले नाही. ते आदराने गिळले.

१८/
आदर बाजारासारखा उघड लुटत नाही. तो शेंदूर लावतो. दरवर्षी ऑगस्टमध्ये पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात, शाळेची मुले रांगेत उभी राहतात. नागपूर विद्यापीठाला २००५पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. हे सारे योग्यच. परंतु शेंदराचे थर वाढत जातात तसे खालचे नाकडोळे दिसेनासे होतात. ऑगस्टच्या त्या दुपारी ठाण्यापुढे उभ्या असलेल्या पोरांच्या घशाला कोरड पडली असेल, कोणी घरी न सांगता आला असेल, कोणी पळून जावे की थांबावे याचा विचार केला असेल. हे स्मारकाच्या फलकावर मावत नाही. मात्र त्यावाचून तो दिवस समजतही नाही.

१९/
आष्टी या परंपरेत एकटीही नाही. भीमराव कर्डक यांचे आंबेडकरी जलसे १९३०च्या दशकापासून गावकुसाबाहेरच्या तरुणांना मंच देत होते, आणि तेथेही साधने साधीच होती : ढोलकी, तुणतुणे, स्वतःची भाषा. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींनी मुंबईत 'दलित पँथर' स्थापन केली. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर्सवरून घेतले, राग मात्र येथलाच होता. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि मराठी कवितेची 'शुद्ध' भाषा हादरली. न्यूयॉर्कच्या पहिल्या पंक बँडआधीची दोन वर्षे. कोण कोणाची 'देशी आवृत्ती', हा प्रश्न मग हास्यास्पद ठरतो.

२०/
पंकलाही केवळ गोऱ्या पोरांचा इतिहास समजणे चूकच. 'एक्स-रे स्पेक्स'ची गायिका पॉली स्टायरीन हिचे वडील सोमाली होते. १९७६मध्ये वंशद्वेषाविरुद्ध 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली आणि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये तिच्या मंचावर 'द क्लॅश'सोबत बर्मिंगहॅमचा कृष्णवर्णीय रेगे बँड 'स्टील पल्स'ही वाजला. १९७९च्या सुमारास लंडनमधील पाकिस्तानी घरांतल्या मुलांनी 'एलियन कल्चर' नावाचा पंक बँड काढला; स्थलांतरितांविषयी मार्गारेट थॅचर यांनी काढलेल्या उद्गारांना ते नाव हे उत्तर होते. ज्याला समाज 'तू आमचा नाहीस' म्हणतो, त्याने 'मग मी माझा' म्हणणे, हा पंकचा गाभा होता. तो गाभा कोणत्याही एका देशाची मालमत्ता नाही.

२१/
सत्तेची भीतीही एका देशाची मालमत्ता नाही. डिसेंबर २०११मध्ये इंडोनेशियातील आचे प्रांतात पोलिसांनी पंक कार्यक्रमावर छापा घालून ६४ तरुणांना पकडले, त्यांचे मुंडण केले आणि 'सुधारणे'साठी डांबले. २०१२मध्ये मॉस्कोच्या चर्चमध्ये निषेधगीत म्हटल्याबद्दल 'पुसी रायट' गटातील तरुणींना दोन वर्षांची शिक्षा झाली. १९४२चे चंद्रपूर, १९७७ची टेम्स, २०११चे आचे, २०१२चे मॉस्को. गुन्हा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कलमाखाली नोंदला गेला. खटकलेली गोष्ट एकच होती : परवानगी न घेता एकत्र गाणारे तरुण.

२२/
मग आजचा प्रश्न. आष्टीतल्या वीस वर्षांच्या मुलाच्या हातात आज खंजिरीऐवजी मोबाईल आहे. तो स्वस्त आहे, आवाज आपल्या बोलीत नोंदवता येतो, जथा दूरवर पसरलेला असतो. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप गटाने २०१९मध्ये आरेतील वारली लोकगायक प्रकाश भोईर यांच्यासह जंगलाच्या प्रश्नावर गाणे केले. लोकगीत आणि रॅप एकमेकांना परके नाहीत हे त्यातून दिसले. अकोल्याकडचे सप्तखंजिरीवादक सत्यपाल महाराज खंजिरी घेऊनच अंधश्रद्धा आणि व्यसनांवर बोलत आले आहेत. परंपरा आटलेली नाही.

२३/
तथापि मोबाईल आणि खंजिरी यांत एक मूलभूत भेद आहे. खंजिरी वाजवणाऱ्याची होती. तिचा आवाज कोणापर्यंत जावा हे गल्लीतला वारा ठरवत होता. बझकॉक्सची तबकडी त्यांची स्वतःची होती. मोबाईलवरचे गाणे कोणाला दिसावे हे दूरच्या एका कंपनीचा हिशेब ठरवतो. वाद्य हातात आहे, पण चावडी दुसऱ्याच्या मालकीची आहे. स्वस्त वाद्य, स्वतःचा आवाज, सोबतीचा जथा, या तीन गोष्टींत आता चौथी जोडावी लागेल : स्वतःची चावडी. ती नसेल तर राग दिसतो, फिरतो, आणि संध्याकाळपर्यंत विरतो. भजनी मंडळ दर गुरुवारी पुन्हा जमत असे. हा फरक क्षुल्लक नाही.

२४/
म्हणून इतिहासाची आवड असलेल्या तरुणांकडून एक अपेक्षा करणे रास्त आहे. वर्धा, अमरावती, चंद्रपूर जिल्ह्यांतील घराघरांत जुन्या भजनांच्या वह्या आहेत. कोणी कोणते भजन कोठे म्हटले, कोणत्या चालीवर म्हटले, वहीच्या मागच्या पानावर कोणाची नावे आणि कोणाच्या वर्गणीचे आणे लिहिले आहेत, हे सारे पुरावे आहेत. १९४२ पाहिलेली माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. त्यांच्या मुलांनी ऐकलेल्या गोष्टी उरल्या आहेत. त्या ध्वनिमुद्रित कराव्यात. न्यायालयीन कागद आणि वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. ब्रिटनमध्ये पंकची ओबडधोबड नियतकालिके ग्रंथालयांत जतन होतात. भजनाच्या वह्या रद्दीत जाऊ देण्याइतका आपला इतिहास श्रीमंत नाही.

२५/
शेवटी मूळ प्रश्न : बंडाचा इतिहास कोणाच्या मापाने मोजायचा? पंकच्या मापाने आष्टी मोजली तर ती अपुरी पंक ठरेल. संतचरित्राच्या मापाने मोजली तर ती एका मोठ्या माणसाच्या आयुष्यातला प्रसंग ठरेल. दोन्ही मापांत ती पोरे बसत नाहीत. त्यांनी वर्ध्याचा ठराव ऐकला होता, भजन म्हटले होते, नेत्यांच्या अटकेची बातमी कळली होती, आणि तरीही ठाण्याकडे टाकलेले पाऊल त्यांचे स्वतःचे होते. ते पाऊल कोणी टाकले, कशासाठी टाकले आणि त्याची किंमत कोणी चुकवली, हे नीट लिहिले गेले तर आष्टीला कोणाच्याही उपमेची गरज उरणार नाही.